शून्याचा अहवाल

जानेवारी २००३ मध्ये मी कऱ्हाड सोडलं आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या एका जिल्ह्यात पोलिओ सर्वेक्षण अधिकारी म्हणून रुजू झाले. आदल्या वर्षी देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले होते आणि त्यातले बहुतेक त्या एकाच राज्यातले होते. भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९७ मध्ये मिळून उभा केलेला राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प, त्यातली माझी नोकरी. वाटलं होतं, दोन वर्षं करू आणि परत येऊ. दहा वर्षं तिथेच गेली. मग २०१३ मध्ये नायजेरियाच्या कानो राज्यात काही महिने काम केलं.

‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द मी त्याआधी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिला होता. त्याचा अर्थ मला कळला तो वीटभट्ट्यांवर, बर्फाच्या कारखान्यांत आणि परक्यांच्या अंगणात. जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते आहे, पण क्रम महत्त्वाचा नाही.

१. शून्यसुद्धा कळवावं लागतं.

सर्वेक्षणाचा पहिला नियम असा, की पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर ते कळवायचं. कारण कोणतंही वाटो, पोलिओचा संशय असो वा नसो. दुसरा नियम मला सुरुवातीला निरर्थक वाटायचा: आठवडाभरात असं एकही मूल आलं नाही, तरी ‘शून्य’ असं लिहून पाठवायचं. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयाने, प्रत्येक दवाखान्याने, दर आठवड्याला. काहीच घडलं नाही हे सांगण्यासाठी एवढा कागद कशाला, असं मी बोलूनही दाखवलं होतं. माझ्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “हे शून्य किती ठिकाणांहून आलंय?”

तो प्रश्न कळायला मला एक मूल गमवावं लागलं. ती जिवंत राहिली, पण माझ्या कामातून ती निसटली. शहरातल्या एका खासगी दवाखान्याचं शून्य मी तीन आठवडे फोनवरच घेत होते. पलीकडून कंपाउंडर “कुछ नहीं है, मॅडम” म्हणायचा आणि मी रकान्यात शून्य भरायचे. चौथ्या आठवड्यात स्वतः गेले, रजिस्टर उघडलं, तर तीन वर्षांची मुलगी, डावा पाय लुळा. समोर लिहिलं होतं, ‘इंजेक्शनमुळे नस दुखावली.’ कंपाउंडर खोटं बोलला नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे पोलिओ नव्हताच. खोटं शून्य लिहिलं ते मी, कारण बघितल्याशिवाय लिहिलं.

लुळेपणाला तेव्हा तेवीस दिवस झाले होते. शौचाचे नमुने चौदा दिवसांच्या आत घ्यावे लागतात, पुढे विषाणू सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. आम्ही घेतले, काही मिळालं नाही. साठाव्या दिवशी तपासायला गेले तेव्हा ती भिंत धरून उभी होती, डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक झालेली. तज्ज्ञ समितीने तिला ‘पोलिओशी सुसंगत’ या वर्गात टाकलं. ‘आहे’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही, अशांचा तो वर्ग. असा एकेक रुग्ण म्हणजे सर्वेक्षणात पडलेलं एकेक भोक. ते भोक माझ्या नावावर आहे.

२. जिथे आकडा कमी, तिथे शंका जास्त.

शाळेपासून आपल्याला शिकवलेलं उलटं असतं. रोग कमी म्हणजे गाव चांगलं, अधिकारी चांगला. सर्वेक्षणाचं गणित वेगळं होतं. पोलिओ अजिबात नसला तरी दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एक मूल इतर कारणांनी लुळं पडतंच. तितकी मुलं एखाद्या जिल्ह्याने शोधली नाहीत, तर तो जिल्हा निरोगी ठरत नाही, तो शोधतच नाही असं मानलं जातं.

जिल्ह्यातल्या एका बड्या साहेबांना हे कधीच पटलं नाही. “तुम्ही येण्याआधी माझ्याकडे रुग्ण नव्हते,” असं ते बैठकीत सर्वांसमोर म्हणाले. मला राग आला, पण आज त्यांची अडचण दिसते. त्यांना वरून शाबासकी मिळायची ती आकडा उतरल्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या कारभारात खोल मुरलेली आहे. दुसऱ्या देशातला माणूस आपल्या आकड्यावर विश्वास ठेवेल का, हे मात्र आपण मूठ उघडतो की नाही यावरच ठरतं. वाईट बातमी वेळेत सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी सोय करणं, याहून मोठं सहकार्य मला अजून सापडलेलं नाही. पैसा, गाड्या, संगणक हे सगळं त्यानंतर.

३. बर्फाची काळजी दोन्ही दिशांनी घ्यावी लागते.

लस येताना थंड ठेवायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नमुना जाताना थंड ठेवायचा, हे आम्हाला रोज नव्याने सांभाळावं लागायचं. चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने, दोन ते आठ अंश तापमान, आणि निघाल्यापासून तीन दिवसांत प्रयोगशाळेत. कागदावर एक ओळ.

जूनमधली एक वीटभट्टी आठवते. चिमणीच्या सावलीत विटांचीच रचलेली, माणूस वाकून आत शिरेल एवढी झोपडी. आत दीड वर्षाचा मुलगा, दोन्ही पाय लुळे. आई आमच्याकडून प्लास्टिकची डबी घेऊन उभी राहिली आणि विचारलं, “इसका क्या करोगी, दीदी?” मी सांगितलं, लखनौला पाठवणार, तिथे मोठी मशिनं आहेत, पायाला काय झालंय ते कळेल. ती म्हणाली, “फिर ठीक हो जाएगा?”

नाही होणार. हे मला तिला सांगावं लागलं. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दुसरी डबी भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, माठाच्या बुडाशी ठेवली होती. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिनेच विचार केला होता, की हे गरम होऊ द्यायचं नसणार. आमच्या डब्यातले आइसपॅक वाटेत पाघळले. ड्रायव्हरने गाडी बर्फाच्या कारखान्यापाशी थांबवून लादी फोडून घेतली आणि डबा सबंध प्रवासभर मांडीवर धरला.

जगभरच्या पोलिओ मोहिमेला अब्जावधी डॉलर लागले आणि ते लागणारच होते. पण त्या पैशाने जे विकत घेता येत नव्हतं, ते त्या बाईने मला आयतं दिलं. तिच्या मुलाला त्यातून काही मिळणार नव्हतं. पुढच्या कुणाच्या तरी मुलासाठी तिने ते केलं.

४. विषाणूलाही गाव असतं, आणि ते आपलं असू शकतं.

नमुन्यात विषाणू सापडला की त्याची जनुकीय तपासणी मुंबईत व्हायची, परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात. लहानपणी हाफकिन म्हणजे मला सापाच्या विषावरची लस एवढंच माहीत होतं. इथे ते विषाणूचं घराणं शोधून द्यायचे. पोलिओच्या विषाणूत ठरावीक गतीने बारीक बदल होत राहतात. दोन विषाणूंमधला फरक मोजला की त्यांचा समान पूर्वज किती जुना आणि कुठला, याचा अंदाज येतो. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद मागे मागे वाचत जावी, तसं हे काम.

त्या नोंदीत एक दिवस आपलंच नाव निघालं. २००५ मध्ये आफ्रिकेतल्या अंगोलात पोलिओ परतला, त्या विषाणूचं मूळ उत्तर प्रदेशात निघालं. २०१० मध्ये ताजिकिस्तानात साडेचारशेहून अधिक रुग्णांची साथ आली, तिचंही मूळ तिथेच. ताजिकिस्तान ज्या युरोप विभागात मोडतो, तो २००२ पासून पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित होता.

त्या बातमीची रात्र मला आठवते. मी आतापर्यंत स्वतःला घेणाऱ्यांच्या बाजूला धरलं होतं. लस बाहेरच्यांची, पैसा बाहेरच्यांचा, तज्ज्ञ बाहेरचे आणि आम्ही हात पुढे केलेले. आमच्या गल्लीतली उघडी नाली हजारो किलोमीटरवरच्या कुणाच्या मुलाच्या पायापर्यंत पोचू शकते, हे मी शिकवत असे, पण मनाने मानलेलं नव्हतं. त्यानंतर ‘ते आम्हाला मदत करतात’ असं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

५. नकार देणाऱ्या घराचं ऐकून घ्यावं.

मोहिमेत दारावर खडूने खूण करतात. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, कुणी राहिलं तर ‘एक्स’. एक्स घरांत पुन्हा जायचं, पुन्हा पुन्हा जायचं. पहिली काही वर्षं एक्स म्हणजे अडाणीपणा, अशी माझी समजूत होती. ती समजूत एका आजीने उतरवली.

दाट वस्तीतलं घर, दारासमोर काळ्या पाण्याची नाली तुंबलेली, तिच्यावर फळी टाकून आत जायचं. मी एकटीच आत गेले, कारण घरात पुरुष नव्हते आणि माझ्या पथकातले दोघे पुरुष होते. आजी खाटेवर बसल्या होत्या. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “बैठो.” पाणी दिलं. मग विचारलं, “महिन्याला महिन्याला येता. मुलाला ताप असतो तेव्हा कुणी येत नाही. सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा गाडी मिळाली नाही. ही नाली चार वर्षं अशी आहे. मग याच एका औषधासाठी तुम्हाला एवढी घाई का? हे आमच्यासाठी आहे की तुमच्यासाठी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. जगाला पोलिओ संपवायचा होता, आणि आजींच्या घराला दवाखाना हवा होता. त्या वस्तीत नसबंदीची भीतीही होती, आणि ती आकाशातून पडलेली नव्हती. आणीबाणीत याच भागात माणसं धरून नेऊन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्यांनी ते पाहिलं, ते आता आजोबा होते. सरकारी माणूस दारात उभा राहून ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणतो, हे त्यांनी एकदा ऐकलेलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तर विज्ञानाच्या अंगाने आजींच्या बाजूची होती. त्या भागात सात-आठ डोस घेतलेली मुलंही लुळी पडत होती. पुढे अभ्यासातून स्पष्ट झालं, की उत्तर प्रदेशात तोंडावाटे दिलेल्या एका डोसाचा परिणाम उर्वरित भारताच्या मानाने निम्म्याहूनही कमी होता. दाटी, घाण पाणी, सततचे जुलाब यांमुळे आतड्यात लस तग धरत नव्हती. म्हणजे नाली आणि थेंब हे दोन वेगळे विषय नव्हतेच. आजींनी ते आमच्याआधी सांगितलं होतं. २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ सर्वांत जोखमीचे तालुके निवडून तिथे लसीबरोबर हात धुणं, शौचालयं, स्वच्छ पाणी, जुलाबांवर ओआरएस आणि झिंक यांवर भर द्यायचं ठरलं, आणि २०१० मध्ये अधिक प्रभावी द्विगुणी लस आली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२.

आजींच्या नातवाला त्या दिवशी डोस मिळाला नाही. मी नगरपालिकेत सहा वेळा गेले. सातव्या खेपेला नाली उपसायला माणसं आली. त्यानंतर आजींनी स्वतः नातवाला कडेवर घेऊन बूथवर आणलं आणि त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावली जाईपर्यंत त्याचा हात धरून ठेवला. प्रत्येक एक्स घर असं सुटत नाही, हे मला माहीत आहे. बरीच सुटली नाहीत.

६. एका लहान चौकोनाने माणसाला अधिकार मिळतो.

लसीच्या बाटलीवर एक गोल असतो, त्याच्या आत फिकट चौकोन. बाटलीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की बाटली टाकायची. एवढंच. पण ही खूण येण्याआधी लस खराब झाली की नाही हे अंदाजाने ठरवावं लागे, आणि ते ठरवणारा कुणीतरी वर बसलेला असे. आता दहावी शिकलेली कार्यकर्ती भर उन्हात, कुणालाही फोन न करता, “ही नको” म्हणून बाटली बाजूला ठेवू शकते. डॉक्टरलाही ठणकावून सांगते. परदेशातून आलेल्या वस्तूंपैकी मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच, कारण तिने निर्णय खाली आणला.

७. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य परक्या देशात जपून वापरावं.

मे २०१३ मध्ये मी कानोला गेले तेव्हा भारतात दोन वर्षांहून अधिक काळ एकही रुग्ण नव्हता. आदल्या वर्षी नायजेरियात १२२ होते. मी बॅगेत आमचे मायक्रोप्लॅन, टॅली शीट, नकाशे भरून नेले होते. आम्ही जिंकलोय, आता यांना दाखवू, असा माझा आविर्भाव होता. तो तीन दिवस टिकला.

तिथे माझे नकाशे चालेनात. आमच्याकडे गल्ली होती, घराला दार होतं, दाराला खूण होती. तिथे एका मातीच्या कुंपणाच्या आत चार चुली, चार बायकांची बिऱ्हाडं, चौघींची मुलं. बाहेरून एकच घर दिसायचं. मी ‘घरं’ मोजत होते आणि मुलं निसटत होती. माझ्याबरोबरच्या स्थानिक सहकाऱ्याने पहिला दिवस काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, “डॉक्टर, चुली मोजा.” चुली मोजायच्या तर आत जावं लागतं, आणि आत फक्त बाईला जाता येतं. हे तर मी उत्तर प्रदेशात शिकलेलीच होते. सोबत नेण्यासारखी गोष्ट ती होती, नकाशे नव्हते.

वस्तीच्या मुखियाला तिथे ‘माय उंग्वा’ म्हणतात. त्याच्या ओट्यावर बसून, आधी घरच्यांची, पिकापाण्याची, प्रवासाची विचारपूस झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. मला हे अगदी आमच्या गावच्या पाटलांच्या सोप्यासारखं वाटलं आणि मी पहिल्यांदा मोकळेपणाने बसले. त्याने विचारलं, “भारतात मुसलमान मुलांना हे थेंब देतात का?” मी म्हटलं, “माझ्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक त्यांचीच मुलं होती, मी स्वतः दिले.” त्याने लगेच मान हलवली नाही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

त्याच्या बघण्याचं कारण मला आधी वाचून माहीत होतं, तिथे ते समोर बसलेलं दिसलं. १९९६ मध्ये कानोत मेंदूज्वराची भीषण साथ आली असताना एका परदेशी औषध कंपनीने आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती. काही मुलं दगावली, खटले वर्षानुवर्षं चालले. २००३ मध्ये पोलिओच्या लसीने वंध्यत्व येतं अशी हाकाटी उठली आणि राज्याने मोहीमच थांबवली. थांबलेल्या काळात विषाणू तिथून निघून अनेक देशांत पोचला. जगातल्या शहाण्यांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं. मला त्या आजी आठवत होत्या. नसबंदीची धरपकड पाहिलेले आमचे आजोबा आणि चाचणी पाहिलेले कानोचे आजोबा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्यांनी सारखंच उत्तर दिलं होतं. कानोत मोहीम पुन्हा सुरू झाली ती २००४ मध्ये, इंडोनेशियातून आणलेल्या लसीवर लोकांचा विश्वास बसल्यावर. पुढे सोकोटोचे सुलतान आणि उत्तरेतले अमीर स्वतः मुलांना थेंब पाजायला उभे राहिले, तेव्हा गाडी खरी रुळावर आली.

मी पोचण्याच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, कानोत लस देणाऱ्या बायकांवर गोळीबार झाला होता आणि त्यात कमीत कमी नऊ जणी गेल्या. मी ज्यांच्याबरोबर फिरत होते त्यांच्यातल्या काहींच्या त्या ओळखीच्या होत्या. सकाळी सहाला त्या डबा खांद्याला लावून यायच्या. रोज मिळायचे ते पैसे मी इथे लिहीत नाही, वाचून कुणालाही लाज वाटेल. मी एकदा एकीला विचारलं, भीती वाटत नाही? तिने माझ्याच डब्याचा पट्टा सैल झाला होता तो ओढून घट्ट केला आणि चालू लागली.

८. पाहुणे गेल्यावर काय उरतं, हे आधीच बघावं.

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. मोहिमेच्या दिवसांत माझ्या जिल्ह्यातल्या नर्सबाई पोलिओतच गुंतलेल्या असायच्या. वर्षात आठ-दहा फेऱ्या. त्या आठवड्यांत उपकेंद्राला कुलूप. गोवराची, घटसर्पाची लस राहून जायची, गरोदर बाई परत जायची. एका रोगासाठी आम्ही व्यवस्थेतून कर्ज काढत होतो आणि ते फेडायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. त्या वेळी मीच ताकीद देऊन त्यांना फेरीवर पाठवत होते. पोलिओ संपवायला ते भाग होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या बायांची आणि त्या परत गेलेल्या गरोदर बायकांची क्षमा मागायची राहिलेली आहे.

उरलं काय, याची दोन उत्तरं मी पाहिली. नायजेरियात २०१२ मध्ये पोलिओसाठी आणीबाणी नियंत्रण केंद्रं उभी केली होती. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा रुग्ण विमानाने लागोसमध्ये उतरला. अवाढव्य शहर, सगळ्या जगाचा श्वास रोखलेला. पोलिओच्या केंद्रातली माणसं, संपर्क शोधण्याची त्यांची पद्धत, सगळं रातोरात इबोलाकडे वळवलं गेलं. वीस रुग्णांवर साथ थांबली आणि ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. आणि भारतात आमच्याच सर्वेक्षणाच्या जाळ्यावर पुढे गोवर-रुबेलाचं काम बसवलं. शेवटच्या वर्षांत पोलिओचा बहुतेक खर्च भारत सरकारनेच उचलला होता, म्हणून पाहुणे उठले तरी चूल विझली नाही. जिथे सगळाच खर्च बाहेरून यायचा, तिथल्या सहकाऱ्यांची पत्रं मला येतात. त्यांत आकडे कमी आणि ‘पुढच्या मार्चनंतर काय’ हे जास्त असतं.

९. जिंकलेलं शून्य सांभाळायला अवघड.

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. त्यानंतर तीन वर्षं वाट बघायची होती. ही तीन वर्षं माझ्या नोकरीतली सर्वांत कठीण होती. रोज लुळी मुलं शोधायची, रोज नमुने पाठवायचे आणि रोज ‘नाही’ असं उत्तर यायचं. ते ‘नाही’ खरं आहे ना, या विचाराने मी रात्री उठून यादी तपासायचे. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग, ज्यात भारत मोडतो, पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. कार्यालयात पेढे वाटले. मला ती भिंत धरून उभी असलेली मुलगी आठवली. ती तेव्हा चौदा वर्षांची असणार.

मग लोक विसरतात, आणि विसरण्याइतकं ते दूर जावं म्हणूनच तर सगळं केलं. पण २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडला आणि न्यूयॉर्क राज्यात एक तरुण लुळा पडला. २०२४ मध्ये गाझात पंचवीस वर्षांनंतर पहिलं मूल लुळं पडलं, दहा महिन्यांचं. तिथे लस देण्यासाठी ठरावीक तास लढाई थांबवली गेली. ते चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं: पडक्या भिंतींमध्ये रांग, बायांच्या खांद्याला तेच निळे डबे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, तेव्हा मी कऱ्हाडला दवाखान्यात बसले होते. बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. समोरच्या बाईंना मी दोनदा तोच प्रश्न विचारला.

१०. शून्याला हौसा भाषेत ‘सिफिली’ म्हणतात.

अरबीतल्या ‘सिफ्र’वरून आलेला शब्द, आणि सिफ्र हे आपल्याच ‘शून्या’चं अरबांनी केलेलं भाषांतर. हे मला ‘चुली मोजा’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याने सांगितलं, मी त्याला नव्हे. २५ ऑगस्ट २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग जंगली पोलिओपासून मुक्त जाहीर झाला. कोविडमुळे सगळे घरात कोंडलेले, त्यामुळे त्याने फोनवरूनच एक शब्द पाठवला: सिफिली. मी इकडून मराठीत लिहिलं: शून्य.

तेव्हापासून दर सोमवारी त्याच्या भागाचा अहवाल गेला की मला तो एक शब्द पाठवतो. जंगली विषाणू गेला तरी लसीपासून उलटलेला विषाणू तिथे अजून फिरतोय, त्यामुळे काही सोमवारी शब्द येत नाही, आकडा येतो. गेल्या वर्षभरात त्याच्या हाताखालची माणसं कमी झालीत, मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे उशिरा येतात. या सोमवारी आलं: सिफिली. मी विचारलं, “किती ठिकाणांहून?”

थोड्या वेळाने उत्तर आलं. चौतीसपैकी एकोणतीस. उरलेल्या पाच ठिकाणी उद्या स्वतः जातो.